मधल्या पाण्याला आवतण

ठमाबाईबद्दल लिहा, असं मला आतापर्यंत तीन जणांनी सांगितलं आणि तिघांनीही तिला एकदाही न ऐकता सांगितलं. एकानं तर 'लोककलेचा अमूल्य ठेवा' असे शब्द वापरले. मला असल्या शब्दांचा कंटाळा आहे. ठेवा पेटीत ठेवतात. ठमाबाई पेटीत मावणारी नाही, आणि तिच्या मागेपुढे जे वावरतं ते तर नाहीच नाही.

ती धवलारीण आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: आमच्या धरमतरच्या खाडीकाठच्या आगरी लग्नात पहिला मान धवलारणीचा, भटजीचा नंतर. मांडवात बसून ती धवले गाते आणि गाता गाता लग्नाचा एकेक विधी लावून देते. ती एक ओळ सांगते, मागच्या बायका ती झेलतात. धवलारीण विधवा असली तरी चालते, तिच्या गळ्याला कुंकवाची अट नाही. अट वेगळीच आहे, ती पुढे येईल.

हळदीच्या दिवशी सकाळी पहिलं काम आवतणाचं. धवलारीण गाण्यातून आवतण धाडते, आधी ऐल काठाला, मग पैल काठाला. ऐल काठ जिवंतांचा. मामा, आत्या, काका, एकेकाचं नाव घ्यायचं, आणि त्याच्या घरचं कोणीतरी मांडवातून 'येतो' म्हणतं. पैल काठ मेलेल्यांचा. तिथेही प्रत्येकाचं नाव घ्यायचंच, हीच ती अट. पण 'येतो' कोण म्हणणार? घरचा कर्ता केळीच्या पानावर चिमूटभर तांदूळ टाकतो. म्हणजे आले, बसले. घरातला एक जरी मेलेला आवतणाशिवाय राहिला, तर तो मांडवाबाहेर उपाशी उभा राहतो, अशी समजूत. मी पोयनाडच्या हायस्कुलात मराठी शिकवत असे. तेव्हा वही घेऊन हे धवले उतरवून घ्यायला ठमाबाईकडे गेले. आम्ही दोघी एकाच वयाच्या. ती मला 'मास्तरीनबाय' म्हणते. सुरुवातीला त्यात आदर होता, आता नुसती थट्टा आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. त्या काळची ठमाबाई साधारण होती. गळा मोठा, पाठांतर चोख, बस. सासूनं शिकवलेलं जसंच्या तसं म्हणायची. मी वहीत लिहिताना कधी थांबले नाही. थांबण्यासारखं काही यायचंच नाही.

माझं लक्ष असायचं ते दुसऱ्याच गोष्टीकडे. तिचा नवरा बुधाजी खाडीत रेती काढायच्या होडीवर होता. घरी आला की हातातला बांबू ओटीच्या भिंतीला टेकवून ठेवायचा, ठक्. ठमाबाई चुलीपुढे पाठमोरी बसलेली असे. त्या ठक् आवाजासरशी, मान न वळवता, तिचा हात मागे जायचा आणि पदर डोक्यावर यायचा. मी एकदा म्हटलं, "ठमाबाई, तीस वर्षं झाली लग्नाला. अजून लाजता?"

"लाज कसली जल्ली? हाताला सवय हाय," ती म्हणाली. "मी बोलतूच नाय तेंच्याशी येवरी. नाव तं कदी घेतलाच नाय."

खरंच घेतलं नव्हतं. बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे ती अक्षरशः पाळत होती. उखाण्यात घ्यायची वेळ आली तेव्हाही हसून पळाली होती म्हणे.

एकोणीस वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत रेतीची होडी उलटली. चौघे होते. तिघांची प्रेतं मिळाली, बुधाजीचं मिळालं नाही. महिनाभर शोधाशोध झाली, मग पिठाचा पुतळा करून क्रिया केली. मे महिन्यात बुधाजीच्या पुतण्याचं लग्न निघालं. घरची धवलारीण असताना बाहेरची कशी आणायची? ठमाबाई बसली. ऐल काठ झाला, पैल काठ सुरू झाला. सासरा, चुलत सासरा, दोन जावा. मग एक जागा राहिली आणि अख्खा मांडव तिच्याकडे बघत बसला. दीर म्हणाला, "वयनी, घे नाव. दादूस बाहेर उभा राहील."

तिनं घेतलं. जन्मात पहिल्यांदा. 'आवतान धाडा गो पैल काठा, बुधाजी येवा, मांडवी बसा.' दिरानं पानावर तांदूळ टाकले.

पाच दिवसांनी पोलीस आले. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात डोक्याला मार लागलेला एक अनोळखी इसम होडी उलटल्यापासून पडून होता. कुठल्याशा बार्जवाल्यांनी पाण्यातून काढून तिकडे पोचवला होता. शुद्ध अशी आलीच नाही. दंडावरच्या गोंदणावरून आता कुठे पत्ता लागला. वारला होता. कधी? पुतण्याच्या हळदीच्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला.

इस्पितळाचा कागद मी स्वतः वाचला आहे. संसर्ग, ताप, आठ दिवस खालावत चाललेली प्रकृती, सगळं त्यात होतं. मी तिला ओळ न् ओळ समजावून सांगितली. नुसता योगायोग होता, ठमाबाई. तुमचा काही संबंध नाही.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमाला कागद वाचता येतो, बाय. मना नाय येत. मना येवराच म्हाईत, मी हाक मारली न् तो आला."

त्यानंतर तिनं मेलेल्यांची नावं घेणं बंद केलं. कुणाचंच नाव नाही. म्हणजे पोस्टमननं पत्ता न वाचता पत्र टाकायचं. अशी धवलारीण लोक कशाला बोलावतील? वर्षभर कोणी बोलावलंही नाही. ती मिठागरावर मीठ भरायला जाऊ लागली. मी तिला सरळ सांगितलं, हट्ट सोडा नाहीतर धंदा सोडा. त्यावर ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

मग शेजारच्या एका गरीब घरानं दुसरी कोणी मिळेना म्हणून तिला बोलावलं. तिनं होकार दिला आणि हळदीच्या आठ दिवस आधी त्या घरी जाऊन बसली. म्हातारा वारला होता त्या घरातला. तिनं विचारलं, कसा खोकायचा? चप्पल कुठल्या बाजूनं झिजायची? जेवताना पहिला घास कशाचा? घरच्यांना वाटलं, बाईला भूत लागलंय. पण हळदीच्या सकाळी ती मांडवात बसली आणि म्हणाली:

आवतान धाडा गो पैल काठा,
ज्याच्या डाव्या चपलेला झिजला अंगठा,
खोकून येई जो उंबरठा,
त्याला पाट मांडा... येवा.

म्हाताऱ्याची सून ओरडून रडली. मागच्या झेलणाऱ्या बायकांमधली कृष्णाबाई मला नंतर म्हणाली, "मास्तरीनबाय, माज्या मानंवर काटा आला. खोकला आयकला मी." कृष्णाबाई अतिशयोक्तीत प्रसिद्ध आहे, तेव्हा ते सोडा. पण वही उघडून बसलेली मी त्या दिवशी लिहायची थांबले, हे मात्र खरं.

चालीला धक्का लावायचा नाही, ओळी तेवढ्याच, नाव घ्यायचं नाही आणि तरी माणूस ओळखीचा यायला हवा. तिची सगळी कला त्या चिंचोळ्या जागेतून उगवली. नाव घेता येत होतं तेव्हा तिला माणूस बघायची गरजच नव्हती, नाव म्हटलं की काम झालं. नाव गेलं आणि तिला डोळे आले. पुढच्या वर्षांत पेणपासून अलिबागपर्यंत तिला बोलावणी येऊ लागली. पण तिला याचं कौतुक सांगायला गेलं की ती उठून जाते. एकदा मी फारच लांबवलं तेव्हा म्हणाली, "तुमी बोलता गला बांधला म्हनून गानं आलं. तुमचा बांधून बघा."

तर ही झाली पार्श्वभूमी. आता गेल्या एप्रिलमधलं नेत्राचं लग्न.

नेत्राचा मोठा भाऊ मितेश न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचा. तीन वर्षांपूर्वी कंटेनर घेऊन गुजरातेकडे निघाला. माल पोचला. परतीच्या वाटेवर हायवेच्या कडेला ट्रेलर उभा सापडला. चावी लावलेली, जेवणाचा डबा न उघडलेला, सीटवर घडी घातलेला टॉवेल. मितेश नाही. भांडण नाही, रक्त नाही, चिठ्ठी नाही. ट्रेलर घरी आणून अंगणात लावला होता, टायरांत गवत आलं होतं.

लग्नाच्या आठ दिवस आधी मी ठमाबाईकडे ओटीवर बसले होते. सकाळी नेत्राचा बाप दयाराम आला. मोठा गडी, पण पायरीवरच बसला, वर आला नाही.

"मावशी, मितेशला पैल काठाला घ्या."

ठमाबाई सुकट निवडत होती. "कोनी सांगितला तो पैल काठाला हाय म्हनून?"

"तीन वर्सं झाली. असता तं भयनीच्या लग्नाला फोन नसता केला? मेला आसंल आनि आपून बोलावला नाय, तं पोर दारात उपाशी उभा राहील. माज्या डोल्यासमोर येतो वो तो. चप्पल हातात घेऊन उभा." त्यानं तोंड पुसलं. "मी तांदूळ टाकतो. माजा मी टाकतो. तुमी फकस्त बोलवा."

तो गेला. दुपारी त्याची बायको केसर आली. ती पायरीवर बसली नाही, थेट चुलीपर्यंत गेली.

"हे येऊन गेले ना? ठमाआत्ये, आयक. माज्या पोराला पैल काठाला बोलावलास तं मी मांडवातून उठंन. तू बुधाजीदादाला बोलावलास न् काय झाला, ता सगल्या गावाला म्हाईत हाय. माजा पोर कुटं जिता आसंल न्..." ती थांबली. असं बोलायचं नव्हतं, हे तिचं तिला कळलं.

ठमाबाईचे हात सुकटीवर थांबले होते.

"मंग ऐल काठाला घेऊ?" ती शांतपणे म्हणाली. "'येतो' कोन बोलंल?"

"मी बोलंन."

"न् लगीन लागंपरत नाय आला तं?"

ऐल काठाला 'येतो' म्हणून जो येत नाही, त्याच्यावर घराचा रुसवा कायमचा बसतो. हेही आमच्याकडचंच. जिवंतांत बोलावलं तर पोर खोटा पडतो, मेलेल्यांत बोलावलं तर मरतो, आणि नाहीच बोलावलं तर बाप म्हणतो तसा उपाशी राहतो. केसर डोळे पुसून निघून गेली. मी म्हटलं, "ठमाबाई, हे लग्न सोडा. दुसरी कोणी बघू दे त्यांना."

"दुसरी नाव घेईल," ती म्हणाली.

पुढचे आठ दिवस ती काय करत होती मला ठाऊक नाही. एवढंच कळलं की ती रोज केसरकडे जाऊन त्या ट्रेलरच्या केबिनमध्ये बसायची. आणि एका संध्याकाळी तिला खाडीच्या धक्क्यावर बघितलं म्हणून कोणी सांगितलं. ती खाडीकडे जात नाही. एकोणीस वर्षांत गेलेली नाही. तिच्या धवल्यांत काठ येतात, पाणी कधी येत नाही.

हळदीची सकाळ. हल्ली सगळं कॉन्ट्रॅक्टवर असतं. निकेत नावाचा एक पोरगेला माणूस कानात वायर घालून मांडवभर धावत होता. तो ठमाबाईपुढे येऊन उभा राहिला.

"आजी, दहा मिनटांत आवरा हां. डीजेचा सेटअप हाय, मग ड्रोनवाला येतोय."

"दहा?" ठमाबाई म्हणाली. "माज्या सासूला दीड तास लागायचा. मेलेली काय रांगेत उभी हायेत?"

"शॉर्टमधी करा ना, आजी."

"करते. तू आपला पंखा बंद कर न् तोंड बंद ठेव. दोन कामं तुला जमतील."

बायका हसल्या. निकेतनं पंखा बंद केला. मी तिच्या उजव्या हाताला, गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. फोन मांडीवर ठेवून रेकॉर्डिंग चालू केलं. समोर दयाराम, त्याच्या उजव्या मुठीत तांदूळ. पलीकडे केसर, जणू कोणत्याही क्षणी उठेल अशी उकिडवी. नेत्रा पाटावर, मान खाली.

ऐल काठ झाला. 'येतो, येतो' झालं. मितेश त्यात आला नाही. केसरनं ओठ घट्ट मिटले. पैल काठ सुरू झाला. आजा आला विडीच्या वासावरून, आजी आली दळताना मोडलेल्या कांकणावरून. दयाराम तांदूळ टाकत गेला. पान भरत आलं. शेवटची जागा आली. केसरचा एक हात जमिनीवर टेकलेला मी बघितला, उठण्यासाठी.

ठमाबाईनं डोळे मिटले आणि तीच चाल लावली.

आवतान धाडा गो मधल्या पान्या...

झेलणाऱ्या बायका अडखळल्या. असा धवला नाही. काठ दोनच. कृष्णाबाईनं माझ्याकडे बघितलं. ठमाबाई थांबली, त्यांना ओळ झेलायला लावली, आणि पुढे गेली:

ऐल ना पैल, ज्याचा ठाव ना कोन्या,
भाकर उभ्यानं खानारा पावन्या,
त्याला पाट मांडा...

आणि इथे, 'येवा'च्या आधी, जिथे एके काळी नाव यायचं तिथे, ती गप्प झाली.

एकोणीस वर्षं ती ही जागा चुकवून पुढे जात होती. या वेळी चुकवली नाही. उघडी ठेवली. श्वासभर नाही, चांगली लांब. बायका झेलायला तोंड उघडून बसल्या होत्या आणि झेलायला काही येत नव्हतं. त्याही गप्प राहिल्या. अख्ख्या मांडवात प्रत्येकाच्या तोंडात एक नाव होतं आणि एकानंही ते उच्चारलं नाही. मीही नाही. बाहेर ट्रेलरच्या पत्र्यावर ऊन तडतडत होतं तेवढंच.

मी इतकी जवळ होते की दुसऱ्या कोणाला दिसलं नसेल ते मला दिसलं. ठमाबाईचे ओठ हलले. आवाज नाही. तीन अक्षरांएवढं हलले. मितेश तीन अक्षरी, बुधाजीही तीन अक्षरी, तेव्हा मी पैज लावणार नाही. पण 'बु'ला ओठ पुढे येतात, मी चाळीस वर्षं मुलांचे उच्चार तपासले आहेत.

मग ती म्हणाली, "येवा."

दयारामची मूठ पानावर आली. उघडली नाही. त्यानं केसरकडे बघितलं. तिचं तोंड 'येतो' म्हणायला उघडलं होतं आणि शब्द निघत नव्हता. तो उठला, पान ओलांडून तिच्याकडे गेला, तिची ओंजळ ओढली आणि तांदूळ त्यात ओतले.

"ठेव तुज्याकडं," तो म्हणाला. "आला का दे त्याला."

केसर उठली नाही. ओंजळ तशीच धरून दोन्ही दिवस लग्नभर ती वावरली म्हणतात. कृष्णाबाई म्हणते. पदरात बांधले असतील. एक पाट मात्र नेत्राच्या बाजूला रिकामा मांडला होता, आणि निकेतच्या फोटोग्राफरनं चार वेळा उचलायला सांगूनही कोणी तो हलवला नाही.

त्यानंतर जिथे जाईल तिथे ठमाबाईला मधलं पाणी मागतात. एका घरी बोटीवर गेलेला भाऊ, एका घरी पळून गेलेली लेक, एका घरी तर जिवंत आजोबा, ओटीवरच बसलेले, पण कुणालाच ओळखत नाहीत ते. ती करवादते. "जल्ला, यवरी मान्सा मदीच हायेत? आनि मना वाटला मी येकटीच..." मितेशचा अजून पत्ता नाही. केसरचे तांदूळ एका डबीत आहेत.

मागच्या आठवड्यात मी तिच्याकडे गेले होते. तिनं आजवर स्वतःचं रेकॉर्डिंग कधी ऐकलं नव्हतं, मी कितीही सांगितलं तरी. त्या दिवशी स्वतःहून म्हणाली, "नेत्राच्या लग्नाचा लावा." चुलीपुढे पाठमोरी बसून ती भाकरी थापत होती. मी फोन पाटावर ठेवला. ऐल काठ गेला, पैल काठ गेला. मधलं पाणी आलं, आणि ती गप्प जागा आली.

मी ती जागा घरी अनेकदा ऐकली आहे. सोळा सेकंद आहेत. त्यात पत्र्याचा आवाज आहे, कुणाच्या बांगड्या आहेत, आणि मध्ये एकदा ठक्. लाकूड भिंतीला टेकावं तसा. कुणीतरी पाट सरकवला असणार. मांडवात पाट होते, माणसं होती, हजार गोष्टी असतात.

फोनमध्ये ठक् वाजलं. ठमाबाईनं मान वळवली नाही. पिठानं माखलेला हात तिनं मागे नेला आणि पदर डोक्यावर ओढून घेतला.